200 टक्के बोनस मिळाला, पण पैसे निघत नाहीत: प्रोमो कोड टाकण्याआधी करायचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ऑनलाइन कॅसिनोत नवीन खातं उघडलं, 1000 भरताना 200 टक्क्यांचा प्रोमो कोड टाकला आणि 2000 बोनस मिळाला. अटींमध्ये ‘30 पट (ठेव + बोनस)’ असं लिहिलंय. तीन संध्याकाळी खेळून खात्यात 4600 दिसतात, पण पैसे काढायला गेलं की ‘वेजरिंग बाकी 71,400’ असा संदेश येतो. (वेजरिंग म्हणजे पैसे काढण्याआधी लावाव्याच लागणाऱ्या एकूण पैजा.) आणखी 1000 भरून दुसरा कोड टाकला तर ही बाकी लवकर फिटेल का? आणि एकूणच असे कोड नीट कसे वापरायचे? चलन कोणतं ते प्रश्नात नाही. गणिताला त्याने फरक पडत नाही, म्हणून मी नुसते आकडे घेतो.

तातडीचं आधी सांगतो. आणखी पैसे भरू नका आणि दुसरा कोडही टाकू नका. दुसऱ्या कोडने बाकी फिटत नाही, ती वाढते. समजा दुसरा कोड 100 टक्क्यांचा आहे आणि अट तीच आहे. 1000 ठेव आणि 1000 बोनस मिळून 2000 झाले, त्याचे 30 पट म्हणजे 60,000. आत्ताच्या 71,400 मध्ये ते मिळवले की बाकी 1,31,400 वर जाते. काही संकेतस्थळांवर पहिला बोनस संपेपर्यंत दुसरा रांगेत थांबतो, काहींवर दोन्ही एकत्र होतात. दोन्हीकडे तुमचे नवे 1000 जुन्या अटींच्या मागे अडकण्याची शक्यता मोठी असते.

बोनसकडे मिळालेले पैसे म्हणून बघितलं की पुढचे सगळे निर्णय चुकतात. बोनस हा एक करार असतो. ‘आम्ही खात्यात 2000 दाखवतो, तुम्ही आमच्याकडे 90,000 च्या पैजा लावा’ असा तो करार. कोड टाकणं म्हणजे त्यावर सही करणं. त्यामुळे बोनस किती मोठा हा प्रश्न दुय्यम आहे. त्या 90,000 च्या पैजा लावायला मला सरासरी किती खर्च येईल, हे आधी विचारायचं.

उत्तर परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हेही मान्य करतो. पहिली गोष्ट कायद्याची. भारतात ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि बँकांनी त्यांचे व्यवहार हाताळणं यांवर बंदी आणली. याउलट ब्रिटनमध्ये परवाना घेऊन हा धंदा चालतो आणि जानेवारी 2026 पासून तिथे बोनसवरचं वेजरिंग 10 पटींपेक्षा जास्त ठेवता येत नाही. स्वीडनमध्ये 2019 च्या कायद्यापासून एका परवानाधारकाला एका ग्राहकाला एकदाच, पहिल्यांदा खेळताना बोनस देता येतो. म्हणजे तोच कोड एका ठिकाणी साधी सवलत, दुसऱ्या ठिकाणी महाग करार आणि तिसऱ्या ठिकाणी थेट बेकायदा ठरतो. जिथे बंदी आहे तिथे माझं उत्तर एका शब्दात आहे: नको. तिथे चालणाऱ्या संकेतस्थळाने पैसे अडवले तर दाद मागायला कोणी नसतं, आणि सगळ्यात भरघोस टक्केवारीचे कोड नेमके अशाच ठिकाणी दिसतात. पुढचं सगळं फक्त परवानगी असलेल्या ठिकाणांसाठी, तिथल्या कायदेशीर वयाच्या माणसांसाठी आहे.

आता गणित. वेजरिंग मोजताना पहिला आकडा पटीचा नाही, पायाचा बघायचा. ‘35 पट बोनस’ आणि ‘35 पट ठेव + बोनस’ यांत दुपटीचा फरक पडू शकतो. 1000 भरून 1000 बोनस मिळाला तर पहिल्या अटीने 35,000 च्या पैजा लावाव्या लागतात, दुसरीने 70,000 च्या. जाहिरातीत बहुतेकदा फक्त ‘35x’ असतं आणि पाया अटींच्या पानावर आत कुठेतरी लिहिलेला असतो.

मग खेळाचा खर्च. प्रत्येक खेळात घराचा, म्हणजे कॅसिनोचा, ठरलेला वाटा असतो. एकच शून्य असलेल्या युरोपियन रूलेटमध्ये तो 2.70 टक्के, दोन शून्यं असलेल्या अमेरिकन रूलेटमध्ये 5.26 टक्के. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात बँकरच्या बाजूवर 1.06, प्लेअरच्या बाजूवर 1.24 आणि टायवर, म्हणजे बरोबरीवर, तब्बल 14 टक्क्यांच्या वर. ब्लॅकजॅक चांगल्या नियमांनी आणि बेसिक स्ट्रॅटेजी (कोणत्या पत्त्यांवर काय करायचं याचा ठरलेला तक्ता) काटेकोर पाळून खेळला तर अर्धा टक्का, पण पहिल्या दोन पत्त्यांत 21 झाल्यावर, म्हणजे ‘ब्लॅकजॅक’ला, 3:2 ऐवजी 6:5 देणारं टेबल असेल तर त्यात आणखी सुमारे 1.4 टक्के मिळवा. ऑनलाइन स्लॉटमध्ये, म्हणजे चित्रं फिरवण्याच्या यंत्राच्या खेळात, आरटीपी (लावलेल्या पैशांपैकी सरासरी किती टक्के खेळाडूंना परत मिळतात तो आकडा) 96 च्या आसपास असला तर वाटा 4 टक्के.

स्लॉटबद्दल एक गोष्ट फार कमी जण तपासतात. अनेक गेम कंपन्या एकच स्लॉट वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्यांमध्ये देतात आणि कोणती लावायची ते कॅसिनो ठरवतो. नाव तेच, चित्रं तीच, पण एका ठिकाणी 96 आणि दुसऱ्या ठिकाणी 94 किंवा त्याहून खाली. म्हणून इंटरनेटवर शोधलेला आकडा उपयोगाचा नाही. त्या संकेतस्थळावर गेम उघडून त्याच्या माहितीच्या पानावर जो आकडा दिसतो तोच खरा.

हे दोन आकडे हातात आले की कोडची किंमत एका ओळीत निघते: बोनस वजा (एकूण वेजरिंग गुणिले घराचा वाटा). 1000 बोनस, 35 पट बोनसवर, 4 टक्क्यांचा स्लॉट. 35,000 चे 4 टक्के 1400. बोनस 1000 चा, खर्च 1400 चा. तोच बोनस 10 पटींचा असता तर खर्च 400 झाला असता आणि हाताशी 600 ची खरी सवलत उरली असती. 4 टक्क्यांच्या स्लॉटवर बोनस आणि खर्च यांची बरोबरी 25 पटींवर होते, 6 टक्क्यांच्या स्लॉटवर 17 पटींच्या जरा आधी. ठेव आणि बोनस दोन्ही पायात असतील तर 100 टक्क्यांच्या बोनसला ही सीमा निम्म्यावर, साडेबारा पटींवर येते. एवढा एक ताळा पाठ असला तरी दहातले बरेच कोड बघताक्षणी बाजूला पडतात.

या गणितात एक बारकावा आहे, तो लपवत नाही. तुमची शिल्लक शून्याखाली जात नाही. बरेच जण वेजरिंग संपण्याआधीच रिकामे होतात आणि त्यांचा तोटा तिथेच थांबतो, त्यामुळे खरी सरासरी वरच्या सूत्रापेक्षा थोडी बरी निघते. पण ती बरी निघते कारण थोड्या लोकांच्या हाती मोठी रक्कम लागते आणि उरलेल्यांच्या हाती काहीच नाही. तुम्ही एकटे आहात, एकदाच खेळणार आहात, तेव्हा ‘काहीच नाही’ हाच निकाल तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त.

मग कमी वाट्याचा खेळ खेळून वेजरिंग फेडावं, असं प्रत्येकाच्या मनात येतं. कॅसिनोने ती वाट आधीच अडवलेली असते, खेळाच्या योगदानाच्या टक्केवारीने. स्लॉटवरची पैज 100 टक्के मोजली जाते, रूलेट आणि ब्लॅकजॅकवरची बऱ्याचदा 10 टक्के, काही ठिकाणी 5 आणि काही ठिकाणी शून्य. खरा खर्च काढायला घराच्या वाट्याला योगदानाने भागायचं. स्लॉट: 4 भागिले 1, म्हणजे 4 टक्के. ब्लॅकजॅक 10 टक्के योगदानावर: 0.5 भागिले 0.1, म्हणजे 5 टक्के. रूलेट: 2.7 भागिले 0.1, म्हणजे 27 टक्के! एरवी सौम्य असलेला रूलेट बोनस फेडायला सगळ्यात महाग पडतो तो असा. तीन संध्याकाळी खेळूनही तुमचे फक्त 18,600 मोजले गेलेत, यावरून तुम्ही रूलेट, ब्लॅकजॅकसारखे टेबल गेम खेळला असाल असं वाटतं. तसं असेल तर ते आजच थांबवा. उरलेले 71,400 रूलेटवर फेडायचे तर प्रत्यक्षात 7,14,000 च्या पैजा लावाव्या लागतील आणि त्यांचा सरासरी खर्च 19,000 च्या वर जाईल.

आता तुमच्या खात्याचा हिशेब. कोड टाकला त्या क्षणी तुमच्याकडे 3000 होते आणि वेजरिंग 90,000. त्याचे 4 टक्के 3600. म्हणजे सरासरी नशिबाने खेळणारा माणूस वेजरिंग पुरं होण्याआधीच संपतो. 3000 मध्ये 75,000 च्या पैजा निघतात, 90,000 च्या नाही. तुम्ही आज 4600 वर आहात, ही सरासरीपेक्षा खूपच चांगली स्थिती आहे. 71,400 चे 4 टक्के 2856. ते गेले तर शेवटी सरासरी 1744 उरतील. भरलेले 1000 लक्षात घेता वाईट नाही, असं वाटेल. पण दोन गोष्टी बघायच्या राहिल्या आहेत.

पहिली, बोनसची जात. काही बोनस वेजरिंग पुरं झाल्यावर खरे पैसे होतात. काही मात्र फक्त खेळण्यापुरते असतात, आणि पैसे काढताना मूळ बोनसची रक्कम वजा होते. अटींमध्ये ‘बोनसची रक्कम काढता येणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य शोधा. ते असेल तर तुमच्या 1744 मधून 2000 जातात आणि सरासरी निकाल शून्याच्या खाली येतो. 200, 300, 400 टक्क्यांचे बोनस बहुधा या जातीचे असतात. आकडा मोठा दाखवणं त्यांना परवडतं, कारण तो तुमच्या हातात कधी द्यायचाच नसतो.

दुसरी, चढउतार. सरासरी म्हणजे तुमचा निकाल नव्हे. दर फिरकीला 20 लावले तर 71,400 साठी 3570 फिरक्या लागतात. बऱ्यापैकी चढउतार असलेल्या स्लॉटमध्ये एका फिरकीचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो याचं माप) पैजेच्या 6 पट धरलं, तर एवढ्या फिरक्यांचं मिळून सुमारे 7200 होतं. शिल्लक 4600 आणि विचलन 7200: वाटेतच रिकामं होण्याचा धोका फार मोठा. दर फिरकीला 5 लावले तर विचलन 3600 च्या आसपास उतरतं, पण फिरक्या 14,280 होतात. तासाला 600 च्या गतीने ते जवळपास 24 तासांचं काम आहे. आणि स्लॉट 91 टक्क्यांच्या आवृत्तीचा निघाला तर सरासरी खर्चच 6426, तुमच्या शिलकीपेक्षा जास्त. म्हणून उरलेलं फेडायचंच ठरलं तर पैज लहान, स्लॉट कमी चढउताराचा आणि माहितीच्या पानावर 96 किंवा वर आरटीपी असलेला, एवढं तरी सांभाळा.

फेडण्याऐवजी बोनस रद्द करावा का? हे तुमच्या खात्याच्या रचनेवर आहे. काही ठिकाणी आधी खरे पैसे लागतात आणि ते संपल्यावर बोनस सुरू होतो. हा प्रकार खेळाडूला सगळ्यात सोयीचा. खऱ्या पैशांनी सुरुवातीलाच जिंकलात तर बोनस सोडून देऊन पैसे काढता येतात. बाकी ठिकाणी ठेव आणि बोनस एकत्र बांधलेले असतात. तिथे पैसे काढण्याची विनंती केली किंवा बोनस रद्द केला की बोनस आणि त्यावरची जिंकलेली रक्कम दोन्ही जातात, आणि हाती फक्त उरलेली खरी ठेव येते, ती उरली असेल तर. खात्याच्या पानावर ‘खरी शिल्लक’ आणि ‘बोनस शिल्लक’ असे दोन आकडे वेगळे असतात, ते बघितल्याशिवाय रद्द करण्याचं बटण दाबू नका. माझा साधा निकष असा: खरी शिल्लक ठेवीएवढी किंवा जास्त असेल तर रद्द करून बाहेर पडणं चांगलं. खरी शिल्लक शून्य असेल तर रद्द करून काहीच मिळत नाही, तेव्हा लहान पैजांनी पुढे जायला हरकत नाही, पण नवा पैसा न घालता.

पैसे काढायच्या वेळी जिंकलेली रक्कम ज्यांमुळे बुडते ती कलमं बहुतेकदा हीच असतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

सगळ्यात घातक कलम कमाल पैजेचं. बोनस चालू असताना एका फिरकीला अमुक रकमेपेक्षा जास्त लावायचं नाही, किंवा बोनसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. हे कलम का असतं ते समजलं की पाळणं सोपं जातं. सुरुवातीला एक-दोन मोठ्या पैजा लावायच्या, हरलो तर संपलं आणि जिंकलो तर मोठ्या शिलकीवर वेजरिंग आरामात फेडायचं, ही पद्धत कॅसिनोला महाग पडते. ती रोखायला हे कलम आहे. अडचण अशी की बऱ्याच संकेतस्थळांची यंत्रणा मोठी पैज त्या वेळी अडवत नाही. खेळू देते, आणि पैसे काढताना तपासणीत ती एक फिरकी दाखवून सगळं रद्द करते. त्यात दोन फसवे प्रकार आहेत. स्लॉटमधली ‘बोनस फेरी विकत घ्या’ ही सोय पैजेच्या 100 पट किंवा त्याहून जास्त किमतीची असते आणि ती पूर्ण किंमत एकच पैज धरली जाऊ शकते. तसंच जिंकलेली रक्कम दुप्पट करण्याचा डावही अनेक अटींमध्ये वेगळी पैज मानतात. बोनस चालू असेपर्यंत या दोन्ही बटणांना हात लावू नका.

दुसरं वगळलेल्या खेळांचं. यादीत बहुधा जास्त आरटीपीचे स्लॉट, जॅकपॉटचे स्लॉट आणि लाइव्ह टेबलं (खरा माणूस व्हिडिओवरून खेळवतो ती) असतात. काही ठिकाणी अशा खेळावरची पैज फक्त मोजली जात नाही, तर काही ठिकाणी ती लावणं हाच अटींचा भंग ठरतो. अटींमधलं क्रियापद नीट वाचा: ‘मोजली जाणार नाही’ आणि ‘मनाई आहे’ यांत तुमची अख्खी शिल्लक बसलेली असते.

तिसरं ‘अनियमित खेळ’. रूलेटमध्ये लाल आणि काळा दोन्हीवर एकाच वेळी लावणं, स्लॉटमध्ये फेऱ्या साठवून ठेवून वेजरिंग संपल्यावर परत येणं, असे प्रकार यात मोडतात. युक्ती कुठेतरी वाचली असेल तर कॅसिनोनेही ती वाचलेली आहे.

मुदत, जिंकण्याची कमाल मर्यादा आणि पैसे भरण्याचा मार्ग ही कलमं वाचायला सोपी आहेत, फक्त विसरली जातात. ठेवीच्या बोनसला 7 ते 30 दिवस आणि मोफत फिरक्यांना एक ते तीन दिवस अशा मुदती सर्रास दिसतात. काही ई-वॉलेटमधून भरलेल्या पैशांना बोनस लागूच होत नाही.

ओळखपडताळणीचं मात्र लोक फार उशिरा बघतात. खात्यावरचं नाव, बँकेचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरश: जुळलं पाहिजे. एका घरात, एका इंटरनेट जोडणीवर किंवा एका उपकरणावर एकच खाते, अशी अट असते; भावाच्या किंवा बायकोच्या नावाने दुसऱ्यांदा स्वागत बोनस घेतला की दोन्ही खाती गोठतात. व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारी सोय) लावून दुसऱ्या देशातला कोड वापरणं हाही तसाच भंग. पडताळणी पैसे भरण्याआधी करून घेता येत असेल तर आधीच करून घ्या, म्हणजे जिंकल्यावर कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकायला नको. त्या फेऱ्यांच्या काळात ‘पैसे काढण्याची विनंती मागे घ्या’ असं बटण समोर असतं आणि बरेच जण तिथेच सगळं हरतात. ब्रिटनमध्ये 2021 पासून या बटणाला बंदी आहे, ती उगाच नाही.

आता कोणत्या प्रकारचा कोड घेण्यासारखा असतो. माझ्या लेखी पहिला क्रमांक वेजरिंग नसलेल्या कॅशबॅकचा आणि वेजरिंग नसलेल्या मोफत फिरक्यांचा, जाहिरातीत ते सगळ्यात लहान दिसत असले तरी. 10 च्या 50 फिरक्या म्हणजे 500 च्या पैजा. 96 टक्के आरटीपीने सरासरी 480 हातात. वेजरिंग नसेल तर ही 480 ची खरी किंमत आहे. त्याच जिंकलेल्या रकमेवर 40 पट वेजरिंग लावलं तर 19,200 च्या पैजा आणि 768 चा सरासरी खर्च; जवळजवळ काहीच उरत नाही. कॅशबॅकमध्ये हिशेब रोजचा की आठवड्याचा हे बघा. रोजचा असेल तर हरलेल्या दिवसाचे पैसे परत मिळतात आणि जिंकलेला दिवस त्यातून वजा होत नाही. आठवड्याच्या हिशेबात होतो. आणि 10 टक्के कॅशबॅक म्हणजे हरलेल्यातले 90 टक्के गेलेच, एवढं डोळ्यांपुढे असू द्या.

ठेव न भरता मिळणाऱ्या बोनसमध्ये स्वत:चा पैसा जात नाही हे खरं. पण वेजरिंग सगळ्यात जड, काढण्याची मर्यादा सगळ्यात लहान, आणि पैसे काढण्याआधी ‘पडताळणीसाठी’ एक ठेव भरायला लावणं सर्रास. तिथे किंमत तुमच्या ओळखपत्राच्या प्रतीने आणि वेळेने मोजली जाते. अनोळखी, परवान्याशिवायच्या ठिकाणी 500 च्या बोनससाठी ओळखपत्र देऊ नका.

कोड कुठून आला हेही महत्त्वाचं. ‘फक्त आमच्या वाचकांसाठी’ असा कोड बऱ्याचदा त्या वाचकाला कोणी पाठवलं याची खूण असतो. पाठवणाऱ्याला एक तर ठरावीक रक्कम मिळते किंवा तुमच्या हरण्यातून कॅसिनोला होणाऱ्या निव्वळ कमाईचा वाटा मिळतो. तो माणूस खोटारडाच असतो असं नाही, पण अटींबद्दल त्याचं मत सल्ला म्हणून धरू नका. कोडसाठी पैसे मागणारा, ओटीपी मागणारा, ‘मी तुमच्या वतीने वेजरिंग फेडून देतो’ म्हणणारा किंवा फोनवर ताबा देणारं ॲप टाकायला सांगणारा प्रत्येक जण फसवणारा आहे. इथे परिस्थितीवर काही अवलंबून नाही. परवान्याचं चिन्ह पानाच्या तळाशी कोणीही चिकटवू शकतो. परवाना क्रमांक घ्या, नियामकाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत स्वत: शोधा, आणि तिथे लिहिलेला पत्ता तुमच्या ब्राउझरमधल्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर जुळतो का ते बघा.

कोड टाकण्याआधी मी हा क्रम पाळायला सांगतो. परवाना तपासा. अटींचं पान उघडून ते तारखेसह साठवून ठेवा, कारण पुढे पानावरचा मजकूर बदलू शकतो. कागदावर सहा आकडे लिहा: पटीचा पाया, पट, तुमच्या खेळाचं योगदान, कमाल पैज, मुदत, काढण्याची कमाल मर्यादा. सूत्र लावा. उत्तर उणे आलं तर कोड न टाकता खेळा. ‘बोनस नको’ हा पर्याय ठेव भरण्याच्या पानावर बहुधा असतो, आणि बिनबोनसची ठेव बरीच मोकळी असते. उत्तर अधिक आलं तरी आधी खात्यात ठेवीची मर्यादा लावा आणि मग कोड टाका, उलट क्रमाने नाही. किमान ठेवीपेक्षा एक पैसाही कमी भरला तर कोड लागत नाही, आणि कोडमधली मोठी-लहान अक्षरं बऱ्याचदा जशीच्या तशी लागतात. बोनस दिसला नाही तर एकही पैज लावण्याआधी चॅटवर विचारा. पैज लावल्यानंतर तो क्वचितच जोडून देतात.

ठेवीची मर्यादा किती? वेजरिंग अर्धवट राहून सगळे पैसे गेले तरी महिन्याच्या खर्चात खड्डा पडणार नाही एवढी. उसने किंवा क्रेडिट कार्डावरचे पैसे त्यात नकोत. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला काळजीचं वाटलं म्हणून स्पष्ट बोलतो. ‘आणखी 1000 भरले तर बाकी लवकर फिटेल का’ हा विचार वेजरिंगचा आकडाच तुमच्याकडून करून घेतो. वेजरिंग किती झालं ते दाखवणारी पट्टी 20 टक्के भरलेली दिसते, आता सोडलं तर वाया जाईल असं वाटतं, आणि माणूस करमणुकीसाठी खेळायचं सोडून बाकी फेडायला खेळू लागतो. खेळण्याची वेळ वाढत चालली असेल, घरच्यांपासून रक्कम लपवावीशी वाटत असेल किंवा हरलेलं भरून काढायला कोड शोधत असाल, तर कोणताही कोड चांगला नाही. खात्यातून स्वत:ला वगळण्याची सोय वापरा आणि जवळच्या एका माणसाला खरा आकडा सांगा. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपाउस अशा एकाच नोंदणीने सगळ्या परवानाधारक ठिकाणांहून बाहेर पडता येतं. अशा यादीबाहेर असल्याची जाहिरात करणारा कोड दिसला तर तो थांबलेल्या माणसालाच पुन्हा ओढण्यासाठी काढलेला आहे.

उरलं तुमचं आजचं काम. खेळ थांबवा. खात्यात खरी शिल्लक आणि बोनस शिल्लक वेगळी बघून दोन्हींचा स्क्रीनशॉट घ्या. मग चॅटवर एकाच संदेशात हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा: ‘माझ्या बोनसची मुदत कोणत्या तारखेला संपते? वेजरिंग पुरं झाल्यावर 2000 ची बोनस रक्कम वजा होणार का? मी आत्ता बोनस रद्द केला तर माझ्याकडे किती रक्कम राहील? जिंकलेली रक्कम काढायला कमाल मर्यादा आहे का? आजवरच्या माझ्या खेळात अटींचा भंग झाल्याची काही नोंद आहे का?’ शेवटचा प्रश्न टाळू नका. भंग आधीच झाला असेल तर उरलेले 71,400 फेडूनही काही मिळणार नाही, आणि ते 24 तास फिरक्या मारण्याआधी कळलेलं बरं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 1000 किंवा त्याहून जास्त आलं तर रद्द करा आणि पैसे काढून घ्या. शून्य आलं आणि दुसऱ्याचं उत्तर ‘हो, वजा होणार’ असं आलं, तर त्या 4600 मधलं तुमचं जवळजवळ काहीच नाही असं धरून चला, आणि तिथे आणखी एकही पैसा भरू नका.